साइडकार घ्यायची? आधी बसणाऱ्याचे गुडघे मोजा

"डॉक्टरसाहेब, आईले गाडीवर मागं बसताच येत नाही. बुलेटले साइडकार लावून घेऊ का?"

इतवारीत दवाखाना चालवणाऱ्याला हा प्रश्न नवीन नाही. आपल्याकडच्या गल्ल्या अरुंद, ठोक बाजार असल्याने दिवसभर हातगाड्या आणि मालाची चढउतार. चारचाकी घेतली तरी ती दारापर्यंत येत नाही. घरातली कमावती माणसे दुचाकीवर फिरतात आणि म्हातारी माणसे त्याच दुचाकीवर मागे बसून दवाखान्यात, देवळात, नातेवाइकांकडे जातात. ज्या दिवशी मागे बसणे जमेनासे होते, त्या दिवसापासून त्यांचे बाहेर जाणेच थांबते. मग साइडकारची आठवण होते.

माझे मत आधीच सांगतो. साइडकार ही चांगली सोय आहे. काही रुग्णांसाठी तर ती फार चांगली सोय आहे. पण ती दुकानातल्या रंगावरून किंवा मुलाच्या हौसेवरून निवडायची वस्तू नाही. चष्मा जसा घालणाऱ्याच्या डोळ्यांवरून ठरतो, तशी साइडकार बसणाऱ्याच्या शरीरावरून ठरली पाहिजे. आणि ती घेण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: आईला मागे बसता का येत नाही?

मागची सीट अवघड का जाते

बहुतेक स्कूटरची सीट जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास उंच असते. मोटारसायकलची मागची सीट त्याहून वर. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे तर क्षणभर एका पायावर उभे राहावे लागते, दुसरा पाय खुब्यातून बाजूला उचलून पलीकडे न्यावा लागतो आणि वर चढताना सगळे वजन वाकलेल्या गुडघ्यावर येते. म्हणजे तोल, खुब्याची हालचाल आणि मांडीची ताकद या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. तिघांपैकी एक जरी कमी पडली तरी माणूस म्हणतो, "नको, मी घरीच बरी."

साडी नेसणाऱ्या बायका एका बाजूला पाय सोडून बसतात. त्यात चढणे सोपे, पण बसणे धोक्याचे. कंबरेला पीळ पडतो, शरीराचा भार एका बाजूला जातो आणि अचानक ब्रेक लागला तर धरायला एक हात कसाबसा मोकळा असतो. पदर किंवा ओढणी चाकात अडकून गळ्याला आणि मणक्याला जबर इजा होते. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार दुचाकीला मागच्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी असणे बंधनकारक आहे. तुमच्या गाडीची साडीची जाळी "गाडी चांगली दिसत नाही" म्हणून काढून ठेवली असेल तर आजच परत लावा.

आधी कारण शोधा

गाडीवर चढता न येणे हे एक लक्षण आहे. सहा महिन्यांपूर्वी आई सहज बसत होती आणि आता बसत नाही, तर मधल्या काळात काहीतरी बदलले आहे. ते वय असेलच असे नाही. गुडघ्याची झीज हे सर्वांत नेहमीचे कारण. पण खुब्याची झीज, कंबरेत किंवा मानेत मज्जारज्जूवर आलेला दाब, बी-१२ ची कमतरता, मधुमेहाने पायांच्या नसांवर झालेला परिणाम, पार्किन्सनची सुरुवात, अशीही कारणे निघतात. यातल्या कित्येकांवर उपचार आहेत, आणि मज्जारज्जूवरचा दाब तर वेळेत ओळखला नाही तर पाय कायमचे कमजोर होऊ शकतात.

घरी दोन सोप्या गोष्टी करून पाहा. बाजूला कुणीतरी उभे राहा, म्हणजे पडायची भीती नाही.

पहिली: साध्या खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठा आणि बसा. वयस्कर माणसाला १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर पायांची ताकद कमी झाली आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे.

दुसरी: एका पायावर उभे राहा. पाच सेकंदही टिकता येत नसेल तर तोल बिघडला आहे.

या दोन्हींत अडचण आली तर साइडकारच्या आधी डॉक्टरांकडे या. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम सहा ते आठ आठवडे नेमाने केला की पुष्कळ जणांना जिने आणि गाडी दोन्ही पुन्हा जमू लागतात. ज्याला व्यायामाने बरे होता येते, त्याला साइडकारमध्ये बसवून ठेवणे म्हणजे उरलेली ताकदही घालवणे. साइडकार ही उपचारांची जागा घेत नाही. उपचार करूनही जे उरते, त्याच्यासाठी ती असते.

कुणाला फायदा, कुणाला नको

उपचार करूनही पाय पलीकडे टाकता न येणारे गुडघ्याचे आणि खुब्याचे जुने रुग्ण, अर्धांगवायूनंतर स्थिरावलेले पण एका बाजूने कमजोर असलेले, पार्किन्सनमुळे तोल जाणारे, एक पाय गमावलेले, अशांना साइडकारचा खरा फायदा होतो. पाठीला टेकू मिळतो, दोन्ही पाय समोर राहतात, पट्टा लावता येतो. डायलिसिस संपल्यावर अनेकांचा रक्तदाब उतरतो, डोके हलके होते. अशा माणसाला मागच्या सीटवर बसवणे मला अजिबात मान्य नाही. त्यांच्यासाठी बंद वाहन सर्वांत चांगले. ते नसेल तर पट्ट्याची साइडकार मागच्या सीटपेक्षा बरी.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाबाबत जपून. चालत्या गाडीत पट्टा सोडून उठण्याचा प्रयत्न होऊ शकतो आणि चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते.

कुणाला नकोच: मणक्याचे हाड नुकतेच दबलेले किंवा हाडे फार ठिसूळ झालेले, पाठीची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले, गर्भवती आणि लहान मुले. खुब्याचा सांधा बदलल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण खालच्या गादीवर बसताना खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडतो आणि नवा सांधा निसटू शकतो. आणि छातीत दुखत असेल, दम लागला असेल, तोंड वाकडे झाले असेल तर कोणतीही गाडी काढू नका, १०८ ला फोन करा.

निवडताना काय मोजायचे

साठ-सत्तरच्या दशकात व्हेस्पा-लँब्रेटाला आणि १९७२ नंतर बजाज चेतकला लावलेली साइडकार ही मध्यमवर्गीय घराची मोटारच होती. १९७५ च्या 'शोले'ने मोटारसायकलची साइडकार घराघरात पोहोचवली. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू स्कूटरच्या शेजारची ती डबी दिसेनाशी झाली. आज साइडकार बनते ती बहुतेक हौसेसाठी. ती दिसायला देखणी, खोल आणि जमिनीलगत असते. हौशी तरुणाला ती आवडते. सत्तरीच्या गुडघ्यांना ती शिक्षा असते. म्हणून दुकानात जाताना शिवणकामाचा टेप घेऊन जा.

गादीची उंची. आईला खुर्चीवर बसवा, पाय जमिनीवर सपाट. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत मोजा. साधारण ४० सेंमीच्या आसपास येईल. गादी याहून खाली नको, उलट चार-पाच सेंमी वर असेल तर उत्तम. गादी जितकी खाली तितका उठताना गुडघ्यावर भार जास्त. कमोड उंच करून घेतला तर उठणे सोपे होते, तोच हिशेब. मात्र गादी उंच केली की वजनही उंचावर जाते आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे उंची किती वाढवायची हे बनवणाऱ्याशी बोलून ठरवा. घरी दोन उशा टाकून काम भागवू नका.

दार. दाराशिवायची साइडकार म्हणजे काठ ओलांडून आत उतरणे. ज्याला सीटवर पाय टाकता येत नाही त्याला काठावरूनही टाकता येणार नाही. डाव्या बाजूला, फुटपाथकडे उघडणारे रुंद दार हवे आणि पकडायला पक्की कडी हवी. बसण्याची पद्धतही शिकवा: आधी गादीकडे पाठ, मग बसणे, मग एकेक पाय आत. उतरताना उलट क्रमाने.

पाठ आणि पट्टा. पाठीचा टेकू खांद्यापर्यंत असावा. पट्टा चौकटीला बोल्टने जोडलेला असावा, पत्र्याला नव्हे, आणि तो पोटावरून नव्हे तर ओटीपोटाच्या हाडांवरून जावा.

स्प्रिंग आणि गादीचा मऊपणा. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या वरखाली हादऱ्यांना सर्वांत जास्त हेलकावतो. फार मऊ स्पंज हे हादरे कमी करण्याऐवजी वाढवू शकतो. म्हणून घट्ट, दाट फोम घ्या. आणि स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनाची घ्या. ऐंशी-नव्वद किलोच्या माणसासाठी केलेल्या कडक स्प्रिंगवर ४५ किलोची आजी प्रत्येक खड्ड्यात उडते, आणि ठिसूळ हाडांचा मणका दबायला तेवढे पुरते.

धूर आणि ऊन. साइडकारमधले नाक जमिनीच्या जवळ असते, म्हणजे ट्रक-ऑटोच्या धुराच्या पातळीवर. दमा असेल तर हा मुद्दा सर्वांत मोठा. तुमच्याच गाडीचा सायलेन्सर डावीकडे असेल तर धूर आणि चटका दोन्ही आईला. आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याची डबी तापते. वरती छत्री किंवा कापडी छत हवे आणि दुपारी १२ ते ४ प्रवास नको, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर.

बसवणे: वेल्डिंगपेक्षा मोजमाप महत्त्वाचे

साइडकार जोडणे म्हणजे दोन चाकांच्या गाडीला तिसरे चाक चिकटवणे नव्हे. गाडीचा स्वभावच बदलतो. आधी कंपनीला किंवा जाणत्या मिस्त्रीला विचारा की तुमच्या गाडीची चौकट, इंजिन आणि ब्रेक हा भार पेलतील का. १०० सीसीची रोजची गाडी यासाठी बनलेली नसते.

तुम्ही मिस्त्री नाही आणि मीही नाही. पण चार प्रश्न विचारता येतात.

जोड किती ठिकाणी आहेत? तीनपेक्षा कमी नकोत, चार असतील तर चांगले.

साइडकारचे चाक गाडीच्या मागच्या चाकाच्या रेषेपेक्षा थोडे पुढे आहे का? असावे. त्याने वळणावर स्थिरता येते.

साइडकारचे चाक समोरच्या बाजूने किंचित आत वळलेले आहे का? हे अंतर थोडेच असते, पण दोन सरळ पट्ट्या लावून मोजावे लागते. नजरेने होत नाही.

गाडी साइडकारपासून किंचित बाहेरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे कललेली आहे का? हे मोजमाप चालवणारा आणि बसणारा दोघेही बसलेले असताना करायचे. रिकाम्या गाडीवर केलेले माप आई बसली की बदलते.

हे चुकले तर गाडी सतत एका बाजूला ओढते, हँडल थरथरते, टायर वेडेवाकडे झिजतात. चालवणाऱ्याचे हात दुखतात आणि बसणाऱ्याला मळमळते.

चालवणारा नव्याने शिकतो

वीस वर्षे बुलेट चालवत असाल तरी साइडकार तुम्हाला नवी आहे. दुचाकी वळणावर कलते, ही कलत नाही, हँडल फिरवूनच वळवावी लागते. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते. त्यामुळे ॲक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे ओढते आणि जोरात ब्रेक लावला की उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे जाते. डावे वळण वेगात घेतले तर साइडकारचे चाक उचलले जाते.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. भरलेल्या साइडकारपेक्षा रिकामी साइडकार जास्त धोक्याची. आईला मेयोत सोडून तुम्ही घाईने परत निघालात, डावीकडे वळलात आणि चाक वर. म्हणून रिकाम्या फेरीत वाळूचे पोते ठेवा आणि ते बांधा. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात पोते घेऊनच सराव करा. तेही आईच्या वजनाइतके. पोते न सांडता, न हलता परत आणता आले की मगच माणूस बसवा.

आणि गाडी आता रुंद झाली आहे हे विसरू नका. तुमच्या गल्लीतून जाते का, दारात उभी राहते का, हे आधी टेप लावून बघा. साइडकार बुटकी असल्याने ट्रकवाल्याला दिसत नाही. मागे-पुढे दिवा आणि चमकणारी पट्टी हवीच.

कायद्याचे दोन शब्द

मोटार वाहन कायदा १९८८ मधील 'मोटारसायकल'च्या व्याख्येतच जादा चाकाची, काढता येणारी साइडकार धरलेली आहे. म्हणजे साइडकार ही मुळात बेकायदा वस्तू नाही. पण त्याच कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तुमच्या आरटीओत विचारणा, गाडी एमएच-३१ असो वा एमएच-४९, मग विमा कंपनीकडून लेखी होकार, मग वेल्डिंग. अपघात झाल्यावर विमा नाकारला गेला तर उपचारांचा खर्च कुटुंबावर येतो, आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा खर्च किती असतो हे ज्यांनी भरला आहे त्यांना विचारा.

हेल्मेटबद्दल वाद नको. कलम १२९ मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या चार वर्षांवरील माणसाला हेल्मेट सांगते. साइडकारमधली आजीही त्यात आली. "मी तर बसूनच आहे" हे कारण रस्त्याला कळत नाही.

माझे म्हणणे

हिशेब करा. महिन्यातून दोन-तीनदाच बाहेर जायचे असेल तर साइडकारच्या खर्चात ऑटोच्या पुष्कळ फेऱ्या होतात. ऑटोत छत असते, चालवायची जबाबदारी तुमची नसते. सेंट्रल अव्हेन्यूवरून डिसेंबर २०२२ पासून मेट्रो धावते आणि स्थानकांत लिफ्ट आहे. ज्यांना घरापासून स्थानकापर्यंत नेता येते त्यांच्यासाठी ती गुडघ्यांना सर्वांत सोपी. पण आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असेल, रोज फिजिओथेरपी असेल, गल्लीत ऑटो येत नसेल आणि घरात शांतपणे गाडी चालवणारे माणूस असेल, तर नीट निवडलेली साइडकार मला पटते.

कारण घरात बसून राहण्याची किंमत आम्हा डॉक्टरांना रोज दिसते. बाहेर जाणे थांबले की चालणे कमी होते, चालणे कमी झाले की स्नायू झिजतात, मग घरातल्या घरात पडणे सुरू होते. बोलायला माणसे उरत नाहीत, जेवण उतरते, मन खचते. तपासण्या चुकतात, कारण "आईला न्यायचं कसं?" हा प्रश्न सुटत नाही. एक वाहन हा सगळा क्रम थांबवू शकते. ते साइडकारच असावे असे नाही, पण काहीतरी असावे.

आणि शेवटचे, जे बहुतेक घरांत राहून जाते: आईला विचारा. डबीत बसून सगळ्या बाजारासमोरून जायला तिला आवडेल का? भीती वाटेल का? तिला नक्की कुठे जायचे आहे? मुलगा म्हणतो दवाखान्यात, आणि आई म्हणते मारबत बघायला जगनाथ बुधवारीपर्यंत. दोन्ही कारणे तितकीच खरी आहेत. पैसे देण्याआधी तिला त्या गादीवर दहा मिनिटे बसवा आणि कुणाचाही हात न धरता उठायला सांगा. उठता आले तर पुढचे बोला. नाही आले तर ती साइडकार तिच्यासाठी नाही, दुसरी बघा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या घरच्या रुग्णासाठी निर्णय घेताना तुमच्या डॉक्टरांशी बोला.)